जुनाच पंखा, नव्याचे पैसे

निपाणी आणि आजूबाजूच्या गावांतल्या लोकांनी हे जरूर वाचावं. आपल्याला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो, नाहीतर बिघडलेला लॅपटॉप, आपण आधी कोल्हापूर गाठतो. लॅपटॉपचा पंखा बदलताना आमची फसवणूक तिथेच झाली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण तक्रारीच्या वाटेवर आहे.

थोरली मुलगी बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. तिच्या लॅपटॉपमधून खर्रर्र आवाज येऊ लागला आणि कीबोर्डची डावी बाजू हात ठेवू नये इतकी तापायची. दुकानात मशीन ठेवून आम्ही घरी आलो. संध्याकाळी दुकानदाराने व्हॉट्सॲपवर उघडलेल्या लॅपटॉपचा फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला. "काका, पातं तुटलंय बघा. पंखाच बदलाय पायजे. ओरिजिनल टाकतो, तीन महिने वॉरंटी." खर्च 2,800 रुपये.

लॅपटॉप आणायला गेलो तेव्हा बिल मागितलं. "बिल पायजे तर 18 टक्के जीएसटी वर लागंल." जुना पंखा मागितला, तर तो म्हणे कंपनीला परत जातो. पैसे यूपीआयवरून दिले. मशीन खरोखरच शांत चालत होतं.

ती शांतता फार टिकली नाही. आवाज परत आला आणि एका सकाळी लॅपटॉप सुरू करताच पंख्यात बिघाड असल्याची सूचना पडद्यावर आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर ती वेगळी दिसते. लेनोवोच्या थिंकपॅडवर 'फॅन एरर' येतं, एचपीवर 90बी हा आकडा येतो. ती आल्यावर मशीन तसंच रेटू नये. पंखा फिरत नसला की प्रोसेसर, म्हणजे मशीनची मुख्य चिप, बघता बघता शंभर अंशांच्या घरात जातो, आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि शेवटी मशीन बंद पडतं.

दुकानदार फोन उचलेना, म्हणून निपाणीतल्याच एका दुरुस्ती करणाऱ्या पोराकडे गेलो. त्याने आमच्यासमोर खालचं झाकण काढलं, पंख्याचे स्क्रू सोडवले आणि पंखा पांढऱ्या कागदावर ठेवला. मुलीने कोल्हापूरहून आलेला फोटो शेजारी धरला. स्टिकरवरचा क्रमांक तोच. स्टिकरचा दुमडलेला कोपरा तोच. तुटलेलं पातंही तेच. फरक एकच होता: तुटक्या पात्याच्या बरोबर समोरचं पातं कटरने सरळ कापलेलं होतं. मधल्या गाभ्याभोवती तेल, आणि त्या तेलाला चिकटलेली धुळीची काळी लुगदी.

पोराने सगळा प्रकार समजावून सांगितला. एक पातं तुटलं की पंख्याचा तोल जातो, तो थरथरतो आणि ज्यावर तो फिरतो ते बेअरिंग झिजतं. समोरचं पातं कापलं की तोल तात्पुरता सावरतो. वर तेलाचा थेंब सोडला की आवाज काही दिवस दबतो. पण झिजलेलं बेअरिंग तेलाने भरून येत नाही, आणि तेल धूळ धरून ठेवतं. आमचं घर वखारीजवळ, हवेत तंबाखूची बारीक धूळ कायमची. पंखा आणि उष्णता बाहेर सोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा जाड थर तसाच बसलेला होता. 2,800 रुपये घेणाऱ्याने साधा ब्रशसुद्धा फिरवला नव्हता.

त्याच पोराने स्टिकरवरचा क्रमांक जुळवून नवा पंखा मागवला. 850 रुपये पंख्याचे, 300 मजुरीचे. काम अर्ध्या तासात, आमच्या डोळ्यांसमोर. आमच्या मॉडेलमध्ये पंखा सुटा निघतो. काही मॉडेलमध्ये मात्र तांब्याची नळी आणि पट्ट्या यांच्यासकट उचलावा लागतो. तेव्हा प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावलीच पाहिजे, ते विचारून घ्या.

शेवटी दुसऱ्या नंबरवरून दुकानदाराला गाठलं. दोन्ही फोटो पाठवले. आधी "कामगारानं केलं असंल" म्हणाला. पैसे परत मागितल्यावर आवाज चढला. "तुम्ही कर्नाटकातली माणसं, इथं येऊन काय केस करणार?"

पैशापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. 1956 साली राज्यांच्या रेघा आखल्या गेल्या, तेव्हापासून आपण कर्नाटकाच्या बाजूला आहोत; पण कोल्हापूर आपल्याला कधी परकं वाटलं नाही. आपली भाषा बोलणारा, काका म्हणून हाक मारणारा माणूस त्याच रेघेचा आडोसा घेऊन लुबाडत असेल, तर ते सहन करायचं नाही.

आणि त्याचं म्हणणं कायद्यानेही चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दुकान कोल्हापुरात असलं तरी आपण बेळगावच्या आयोगात जाऊ शकतो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. बिल न देणं हीसुद्धा याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. जीएसटीची नोंदणी नसलेल्या दुकानदाराला तो कर आकारताच येत नाही, आणि नोंदणी नसली तरी साधी पावती देता येतेच. त्यामुळे "जीएसटी लागंल" म्हणून कोणी बिल टाळत असेल, तर तिथूनच सावध व्हा.

लॅपटॉप दुकानात ठेवायची वेळ आली, तर पंख्याच्या स्टिकरचा फोटो आधी आपण काढा, दुकानदारावर सोडू नका. आमच्याकडे पुरावा उरला तो त्यानेच किंमत पटवायला फोटो पाठवला म्हणून. जुना पंखा परत मिळेल का, हे पैसे ठरवतानाच विचारा. तो माल तुमचा आहे. "कंपनीला जातो" असं सांगणाऱ्याकडे काम टाकू नका. वॉरंटीत नसलेल्या मशीनचा तुटका पंखा घेऊन कंपनी काय करणार? जमत असेल तर समोर उभं राहून काम करून घ्या.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस गेली आहे, पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रकरण बेळगावच्या आयोगात जाईल. कापलेला पंखा, त्याचा फोटो, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं जपून ठेवलं आहे. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल, तर तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. ती उलटायच्या आत कागद गोळा करा.