फायरफॉक्सची सुरक्षा : माणूस २००६ मध्ये आला, भिंती उभ्या राहायला दहा वर्षं लागली

सुरक्षातज्ज्ञ विंडो स्नायडर सप्टेंबर २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलात रुजू झाल्या. त्याआधी मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ची सुरक्षेची बाजू त्यांनी सांभाळली होती. ऑगस्ट २००४ च्या त्या पॅकमुळे विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली आणि इंटरनेट एक्सप्लोररला पॉप-अप अडवता येऊ लागले. मधला थोडा काळ एका सुरक्षा सल्लागार कंपनीत घालवून त्या थेट एक्सप्लोररच्या प्रतिस्पर्ध्याकडे आल्या. त्यांचं तिथलं पद 'चीफ सिक्युरिटी समथिंग-ऑर-अदर' असं होतं.

असा तज्ज्ञ येताना नेमकं काय आणतो? फायरफॉक्सचा सोर्स कोड सगळ्यांसमोर उघडाच होता आणि एक्सप्लोररचा कोड बरोबर आणायला कायद्याची मनाई. येते ती कामाची रीत. प्रोग्रॅम लिहिण्याआधी 'हल्लेखोर कुठून शिरेल' याचा नकाशा काढायचा, बाहेरून येणारी माहिती वाचणारा कोड शक्य तितका कमी ठेवायचा, आणि भोक, म्हणजे हल्लेखोराला आत घेणारी कोडमधली चूक, सापडल्यापासून पॅच, म्हणजे तिची दुरुस्ती, लोकांच्या मशीनवर पोहोचेपर्यंत किती वेळ जातो ते मोजायचं. फायरफॉक्सला आज याच तीन कसोट्या लावल्या, तर काही ठिकाणी तो चोख निघतो आणि काही ठिकाणी अजूनही मागे दिसतो.

आधी पॅचचा वेग, कारण तिथे फायरफॉक्स खरोखर उत्तम आहे. ऑगस्ट २००७ मध्ये सुरक्षातज्ज्ञांच्या ब्लॅक हॅट परिषदेच्या वेळी मोझिलाचे माइक शेव्हर यांनी गंभीर भोक दहा दिवसांत बुजवू, असा शब्द देऊन टाकला. हे मोझिलाचं धोरण नाही, असा खुलासा स्नायडर यांना लगेच करावा लागला. तो योग्यच होता. घाईने काढलेला पॅच दुसरीकडे काहीतरी मोडतो, आणि एकदा पॅचने दगा दिला की लोक अपडेट बंद करून ठेवतात.

आता आजची गोष्ट बघा. ८ ऑक्टोबर २०२४ ला ईसेट या सुरक्षा कंपनीने फायरफॉक्समधलं एक भोक कळवलं. वेब ॲनिमेशनच्या कोडमध्ये, मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जात होती, आणि त्याचा गैरफायदा प्रत्यक्षात घेतला जात होता. २५ तासांत दुरुस्ती तयार झाली आणि ९ तारखेला १३१.०.२ आवृत्ती बाहेर पडली. पॉन-टू-ओन या हॅकिंगच्या स्पर्धेत मार्च २०२४ मध्ये झालेला हल्ला दुसऱ्याच दिवशी १२४.०.१ मध्ये बंद झाला. मे २०२५ च्या स्पर्धेत दोन वेगवेगळे हल्ले यशस्वी झाले, पण दोन्ही वेबपानाच्या प्रोसेसमध्येच (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागातच) अडकले. त्या प्रोसेसला कोंडून ठेवणारं कुंपण, म्हणजे सँडबॉक्स, कुणालाही फोडता आला नाही.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. कोणत्या ब्राउझरमध्ये किती भोकं सापडली, याची यादी मांडून तुलना करणं निरुपयोगी आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून तसा तुलनात्मक अहवाल आला तेव्हा स्नायडर यांनी हाच आक्षेप घेतला होता. जी कंपनी आपली भोकं स्वतः शोधून जाहीर करते, तिचाच आकडा फुगलेला दिसतो. विचारायचा प्रश्न हा, की एक भोक पडल्यावर हल्लेखोर कुठपर्यंत पोहोचतो?

आणि इथेच फायरफॉक्स फार काळ कच्चा होता. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तो टॅबसाठी वेगळ्या प्रोसेस आणि सँडबॉक्स घेऊनच. फायरफॉक्सचं सगळं, म्हणजे पान, टॅब, बटणं, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम), एकाच प्रोसेसमध्ये चालत होतं, म्हणजे एक भोक पडलं की सगळं घर उघडं. पानं वेगळ्या प्रोसेसमध्ये न्यायला ऑगस्ट २०१६ उजाडला, आवृत्ती ४८. उशिराचं मोठं कारण जुनी एक्स्टेन्शन. ती ब्राउझरच्या थेट गाभ्यात हात घालत, त्यामुळे भिंत घातली की ती कोसळत. नोव्हेंबर २०१७ च्या ५७ व्या आवृत्तीत ती पद्धतच बंद केली, तेव्हा लोक चिडले, पण दुसरा मार्ग नव्हता. स्नायडर तर २००८ च्या अखेरीसच मोझिला सोडून गेल्या होत्या आणि २०१० मध्ये सफारी बनवणाऱ्या ॲपलमध्ये दाखल झाल्या. तज्ज्ञाच्या नावावर ब्राउझर निवडणाऱ्याने हा हिशेब लक्षात ठेवावा. कामाच्या सवयी वर्षभरात बदलतात, रचना बदलायला दहा वर्षं जातात.

आजच्या भिंती मात्र भक्कम आहेत. डेस्कटॉपवर आवृत्ती ९४ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस मिळू लागली. याला मोझिला 'फिशन' म्हणते. क्रोमने हे २०१८ मध्येच केलं होतं. तुमच्याकडे चालू आहे का ते पाहायचं असेल तर ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:सपोर्ट' इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि 'फिशन विंडोज' ही ओळ शोधा. 'अबाउट:प्रोसेसेस' उघडलंत तर कोणती साइट किती मेमरी खाते तेही कळतं. इथे एक किंमत मोजावी लागते. वीस वेगवेगळ्या साइट उघड्या असतील तर कमी रॅमचं मशीन रेंगाळतं. म्हणून फिशन बंद करू नका, टॅब कमी करा.

पुढच्याच महिन्यात, आवृत्ती ९५ पासून, आरएलबॉक्स आलं, आणि हे फायरफॉक्सचं सर्वांत देखणं काम आहे. फॉन्ट मांडणारी ग्रॅफाइट, शुद्धलेखन तपासणारी हनस्पेल, ऑडिओची ऑग अशा बाहेरून घेतलेल्या लायब्ररी (तयार कोडचे संच) आधी वेबअसेंब्लीत, म्हणजे ठरलेल्या मेमरीपुरत्याच चालणाऱ्या कोडमध्ये, आणि मग मशीन कोडमध्ये बदलल्या जातात. त्यामुळे त्यांना स्वतःच्या कप्प्याबाहेरच्या मेमरीला हातच लावता येत नाही. एखाद्या वाकड्या फॉन्ट फाइलने ग्रॅफाइटचा ताबा घेतला, तरी तो त्या कप्प्यातच कोंडला जातो. इतक्या छोट्या भागासाठी वेगळी प्रोसेस उघडणं परवडलं नसतं.

आता तुमच्या हातातलं काम. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड', म्हणजे साइटशी फक्त कूटबद्ध जोडणी, सगळ्या विंडोसाठी चालू करा. ही सोय आवृत्ती ८३ पासून आहे. एखादी जुनी साइट यामुळे अडते, कारण तिच्याकडे अशा जोडणीसाठी लागणारं प्रमाणपत्रच नसतं. तेवढ्या एका पत्त्यासाठी अपवाद घाला, मोड बंद करू नका.

पासवर्डच्या बाबतीत मात्र फायरफॉक्सची मूळ मांडणी मला पटत नाही. साठवलेल्या सगळ्या पासवर्डना कुलूप लावणारा 'प्रायमरी पासवर्ड' आपोआप चालू नसतो. तो नसेल तर प्रोफाइल फोल्डरमधली 'लॉगिन्स डॉट जेसन' आणि 'की४ डॉट डीबी' या दोन फाइल कॉपी करणाऱ्याला तुमचे सगळे पासवर्ड वाचता येतात, कारण कुलूप आणि किल्ली शेजारी शेजारीच ठेवलेली असतात. पासवर्ड बघताना कॉम्प्युटरचा पासवर्ड विचारला जातो, तो फक्त स्क्रीनसमोर बसलेल्याला अडवतो. फाइल नेणाऱ्यावर त्याचा परिणाम शून्य. तेव्हा प्रायमरी पासवर्ड ठेवाच, आणि लांब ठेवा. विसरलात तर साठवलेले पासवर्ड परत मिळत नाहीत, म्हणून तो कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवा.

एक्स्टेन्शनची संख्या कमी ठेवा. 'सर्व वेबसाइटवरील तुमची माहिती वाचणे' ही परवानगी घेतलेलं एक्स्टेन्शन तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतं. ते बँकेच्या पानातही शिरत असेल तर फिशनची भिंत काही कामाची नाही, कारण दार तुम्हीच उघडलेलं असतं. एक्स्टेन्शनवर मोझिलाची डिजिटल सही सक्तीची आहे हे चांगलं, पण ही व्यवस्था दोनदा अडचणीची ठरली आहे. मे २०१९ मध्ये सहीच्या साखळीतलं एक प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि जगभरची एक्स्टेन्शन एकदम बंद पडली. ६६.०.४ ने ती परत आणली. पुढे १४ मार्च २०२५ ला मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. या वेळी सूचना आधीच दिली होती, तरी १२८ पेक्षा जुन्या किंवा ईएसआर (मोठे बदल वर्षाकाठी एकदाच घेणारी फायरफॉक्सची आवृत्ती) ११५.१३ पेक्षा जुन्या आवृत्तीवर एक्स्टेन्शन बंद पडण्याचा धोका होता. अपडेट टाळणाऱ्यांनाच याचा फटका. 'हेल्प'मधून 'अबाउट फायरफॉक्स' उघडलं की तपासणी आपोआप सुरू होते. मात्र अपडेट डाउनलोड होऊनही ब्राउझर रीस्टार्ट केल्याशिवाय जुनाच कोड चालत राहतो. आठवडाभर ब्राउझर बंदच न करणाऱ्यांसाठी २५ तासांचा तो पॅच आठवडाभर उशिराच पोहोचतो.

ईएसआर आवृत्तीबद्दल गैरसमज आहे की ती जास्त सुरक्षित असते. तिला सापडलेल्या भोकांचे पॅच मिळतात, पण नव्या भिंती वर्षाकाठी एकदाच, मोठ्या उडीत येतात. दर चार आठवड्यांनी येणारी साधी आवृत्ती घरच्या वापराला बरी. विंडोज ७ किंवा ८.१ वाल्यांना ईएसआर ११५ शिवाय पर्यायच नाही, त्यामुळे त्यापुढच्या आवृत्त्यांतलं नवं काही त्यांच्यापर्यंत येणार नाही.

आयफोनवर वर लिहिलेलं फिशन, आरएलबॉक्स काहीच लागू होत नाही. ॲपलच्या नियमांमुळे तिथला फायरफॉक्स वेबकिट या सफारीच्याच इंजिनावर (वेबपान वाचून दाखवणाऱ्या गाभ्यावर) चालतो. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून दुसऱ्या इंजिनाला परवानगी आहे, पण वेबकिटवर चालणाऱ्या फायरफॉक्सच्या पानाची सुरक्षा म्हणजे वेबकिटचीच सुरक्षा. तिचे पॅच आयओएसच्या अपडेटबरोबर येतात, त्यामुळे नुसतं फायरफॉक्सचं ॲप अपडेट करून भागत नाही, फोनही अपडेट करावा लागतो.