रविवारपुरता मोकळा रस्ता की कायमचा?
आपल्या भागातला रस्ता वाहनांसाठी फक्त रविवारी सकाळी बंद ठेवण्याची मागणी करावी की कायमची, असा पेच एका परिचित रहिवासी मंडळापुढे आहे. टाळेबंदीत रिकामे रस्ते पायांखाली आल्यानंतर हा प्रश्न अनेक शहरांत उभा राहिला.

मुंबईत पोलिसांनी २७ मार्च २०२२ पासून मरीन ड्राइव्हसह काही रस्ते रविवारी सकाळी वाहनांना बंद ठेवून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुले केले. यात बांधकामाचा खर्च नाही. मात्र अडथळे आणि बंदोबस्त दर आठवड्याला नव्याने उभा करावा लागतो.

टिकाऊपणाच्या निकषावर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानातील जेएफके ड्राइव्ह बोलका आहे, कारण त्या एकाच रस्त्याने दोन्ही पर्याय अनुभवले. तो १९६७ पासून रविवारी वाहनमुक्त असे, म्हणजे रविवारची प्रथा अल्पायुषी असते हा समज खरा नाही. एप्रिल २०२० मध्ये तो पूर्णवेळ बंद झाला आणि नोव्हेंबर २०२२ च्या मतदानात नागरिकांनी तीच व्यवस्था कायम ठेवली. गैरसोयीचा मुद्दा मात्र तिथेच तीव्र झाला: अपंग व्यक्तींनी आणि शेजारच्या संग्रहालयाने वाहनप्रवेशाचा प्रश्न लावून धरला, आणि तो रास्तच होता.

दुकाने, दवाखाने असलेल्या रस्त्याला रविवारचा पर्याय मानवेल. समांतर रस्ता उपलब्ध असेल आणि मुलांना रोज सायकलने शाळेत जायचे असेल, तर कायमची मागणी करावी. पण रुग्णवाहिका व अपंगांच्या वाहनांची वाट आधी आखून घ्यावी.