तोगोउची बियर कास्क फिनिश : सहा महिने, एक बाटली

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हिरोशिमाहून ओसाकाला परतताना ही व्हिस्कीची बाटली घेतली. आता मार्च संपत आलाय आणि तळाशी जेमतेम दोन पेग उरलेत. पहिल्या दिवशी लिहायला बसले असते तर "पातळ आहे, ठीक आहे" एवढंच लिहून मोकळी झाले असते, आणि ते साफ चुकलं असतं.

तोगोउची ही हिरोशिमा प्रांतातल्या साकुराओ कंपनीची व्हिस्की. मियाजिमा बेटासाठी फेरी जिथून सुटते, त्याच हात्सुकाइची शहरात त्यांचा कारखाना आहे. पिंपं मात्र डोंगरात, तोगोउची गावच्या ३६१ मीटर लांबीच्या बोगद्यात मुरतात. बोगदा खोदला होता रेल्वेसाठी, पण गाडी कधी धावलीच नाही. आत बारा महिने गारवा आणि दमटपणा. या बाटलीतली व्हिस्की शेवटचा काही काळ बियर मुरवलेल्या पिंपात ठेवलेली आहे. ७०० मिली, ४० टक्के.

बियरच्या पिंपातली म्हणजे बियरची चव लागणार, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. पिंपाचं लाकूड बियर पिऊन बसलेलं असतं आणि व्हिस्की त्यातून थोडं थोडं ओढून घेते. मुख्य चव व्हिस्कीचीच राहते. पहिला महिना मला नुसतं हिरवं सफरचंद, मध आणि ओल्या धान्याचा वास येत होता. घोट गिळल्यावर मागे काहीतरी कडसर उरायचं, पण ते काय हे ओळखता येईना. मेथी? नाही. कॉफी? तीही नाही.

जानेवारीत रत्नागिरीहून दादा आला. त्याला काहीही न सांगता पेला हातात दिला. त्याने दोन घोट घेतले, जीभ टाळूला लावली आणि म्हणाला, "अगं, ही तर पपनसाची साल!" अगदी बरोबर. फोडी सोलताना आतला पांढरा पापुद्रा चुकून दाताखाली येतो ना, तोच कडवटपणा. बियरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचाच असणार तो. तेव्हापासून प्रत्येक घोटात मला तो आधी सापडतो.

सोडा-बर्फाशिवाय नुसती प्यायची असेल तर लहान पेग घ्या आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. पाण्याचे दोन थेंब चालतात. चमचाभर टाकलंत तर सगळं विरघळून जातं, ४० टक्क्यांत तेवढी ताकद नाही. बर्फावरही मला आवडली नाही, वास बंद होतो.

तिची खरी जागा हायबॉलमध्ये. पेला फ्रीजमध्ये थंड करायचा, बर्फ काठोकाठ भरायचा, एक भाग व्हिस्की, तीन भाग गार सोडा, आणि चमचा एकदाच खालून वर फिरवायचा. सोड्याने पपनसाची साल उघडते आणि धान्याचा गोडवा मागे सरतो. हिवाळ्यात हिरोशिमाची कालवं बाजारात असतात. ती तळून त्याबरोबर हा हायबॉल, यासारखं दुसरं काही मी या सहा महिन्यांत चाखलेलं नाही. घरी रव्यात घोळवून तळलेली कालवं खाल्लेल्या कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर मात्र कडवटपणा वाढतो, तो चखणा इथे नको.

तक्रार एकच. बाटली निम्म्याखाली आली आणि वरचा ताजा, फळांचा वास झपाट्याने उतरला. फेब्रुवारीत उरलेली व्हिस्की मी छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली, तेव्हा कुठे ती टिकली. हे महिनाभर आधी सुचायला हवं होतं.

घेताना लेबल नीट वाचा. तोगोउचीची जुनी व्हिस्की स्कॉटलंडची माल्ट (मोड आणलेल्या जवाची) व्हिस्की आणि कॅनडाची ग्रेन (इतर धान्यांची) व्हिस्की आणून, इथे मुरवून, मिसळून बनायची. जपानच्या उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये नियम आणले: 'जपानी व्हिस्की' म्हणवायचं तर गाळणं जपानातच, आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरणंही जपानातच. त्यामुळे बाटली कोणत्या काळातली आहे यावर आत काय आहे हे ठरतं. चव मला दोन्हीकडे महत्त्वाची वाटते, पण पैसे कशाचे देतोय हे माहीत असावं.

धुराची, पीटवाली व्हिस्की आवडत असेल तर ही घेऊ नका, निराश व्हाल. उरलेले दोन पेग शनिवारी संपवणार आहे, एक नुसता आणि एक हायबॉल. मोसमातली शेवटची कालवं मिळाली तर त्यांच्यासोबत.