मेलेला निओ-जिओ बोर्ड: स्वतः उघडावा, जाणकाराकडे द्यावा की मिस्टर घ्यावा?

जुना एमव्हीएस बोर्ड (निओ-जिओ गेमचं पार्लरमधल्या मशीनचं सर्किट) हौसेनं घेतला, लावला, आणि ‘किंग ऑफ फायटर्स 97’ ऐवजी पडद्यावर थिजलेल्या रंगीत चौकड्या आल्या. स्पीकरमधून नुसती टक्-टक्. एसएनके या जपानी कंपनीच्या या बोर्डांवर एक राखणदार सर्किट असतं. प्रोसेसरनं सुमारे 0.13 सेकंदात हाक दिली नाही, की ते त्याला पुन्हा सुरुवातीपासून उठवतं. टक्-टक् त्याचीच. म्हणजे बोर्डात धुगधुगी आहे, पण प्रोग्रॅम पुढे सरकत नाही.

पुढे तीन वाटा आहेत: घरी दुरुस्ती, जाणकार, किंवा जुन्या यंत्राची नक्कल करणारा मिस्टर. मी तिन्ही चालून पाहिल्यात. कुठली घ्यायची हे तुमच्या खिशापेक्षा बोर्डाला काय झालंय यावर ठरतं. म्हणून आधी एक संध्याकाळ नुसतं निदान करा, सोल्डरिंग आयर्न पेटवूच नका.

पाच व्होल्ट सप्लायपाशी नाही, बोर्डावरच्या आयसीच्या (चिपच्या) पायांवर मोजा. तिथे 4.75 च्या खाली आकडा दिसला तर कदाचित बोर्डाचा दोषच नाही. हार्नेसची (बोर्डाला जोडणाऱ्या तारांच्या जुडग्याची) वायर तपासा, बोर्ड मशीनला जोडणाऱ्या जॅमा कनेक्टरच्या 56 पट्ट्यांतली एखादी काळवंडली आहे का बघा. मग कार्ट्रिज काढून त्याचे आणि स्लॉटचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. एवढ्यावर उठलेले बोर्ड मी पाहिलेत.

नाही उठला तर बॅटरीकडे वळा. एमव्ही-1 सारख्या बोर्डांवर 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. इतक्या वर्षांत ती पाझरते, आणि लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण खावं तसं तो अल्कली द्रव आजूबाजूचं तांबं खातो. हिरवट पावडर दिसली तर बॅटरी कापून टाका, डागावर पांढरं व्हिनेगर लावा, टूथब्रशनं घासा, मग अल्कोहोलनं धुवा. त्यानंतर काळपट पडलेला एकेक ट्रॅक (तांब्याची रेघ) मीटरच्या बीपवर तपासा; रेघ अखंड असेल तर मीटर वाजतो. तुटला असेल तिथे बारीक वायर टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही, आणि परक्या माणसाला यासाठी पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

घरी दुरुस्तीच्या बाजूनं सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे हा बोर्ड स्वतःच बोलतो. पडद्यावर ‘वर्क रॅम एरर’ (प्रोसेसरच्या कामाच्या मेमरीत दोष) येतं, खाली पत्ता 100000, लिहिलं 5555, वाचलं 5554. फरक शेवटच्या बिटात, म्हणजे खालच्या बाइटची रॅम. वर्क रॅमचे आयसी दोनच, त्यातला नेमका कुठला ते कळलं. 32 किलोबाइटची 62256 जातीची रॅम आजही मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा. चिपमध्ये डेटा भरणारं यंत्र (प्रोग्रॅमर) असेल तर 27सी1024 या एप्रॉम मेमरी चिपवर डायग्नोस्टिक बायॉस (बोर्ड तपासणारा सुरुवातीचा प्रोग्रॅम) भरून लावा, ते याहून सविस्तर सांगतं.

आता माझी चूक. पहिला आयसी काढताना एका पायाचं सोल्डर नीट वितळलं नव्हतं. मी जोर लावला आणि पायाबरोबर पॅडही (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उचकटून आलं. दहा मिनिटांचं काम दोन रात्रींवर गेलं. म्हणून आयसीचा मोह सोडा: पाय कापून अंग वेगळं करा, मग एकेक पाय उपसा आणि नवीन रॅम सॉकेटमध्ये बसवा.

जाणकाराकडे कधी द्यायचं? दोष एलएसपीसी2 किंवा निओ-बी1 सारख्या चौकोनी, एसएनकेनं खास बनवलेल्या कस्टम चिपमध्ये असेल तेव्हा. या नव्यानं बनत नाहीत. दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरून हॉट एअरनं काढाव्या लागतात, आणि तिथे शिकाऊ हात दोन्ही बोर्ड घालवतो. देण्याआधी तीन गोष्टी विचारा: नुसत्या तपासणीचे पैसे किती, चिप कुठून आणणार, आणि दुरुस्त न झाल्यास बोर्ड आहे तसा परत मिळेल का. माझा एक बोर्ड सात महिने अडकला, आला तेव्हा वरचे दोन आयसी गायब होते.

तिसरी वाट मिस्टर. डीई10-नॅनो बोर्डावरची एफपीजीए चिप (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी) मूळ हार्डवेअरची नक्कल करते, आणि फर्टेक नावाच्या हौशी अभ्यासकानं मूळ चिपा उघडून अभ्यास केल्यामुळे निओ-जिओचा कोअर (नकलेचा आराखडा) उत्तम आहे. सगळे मोठे गेम हवेत तर 128 मेगाबाइटची रॅम घ्या. नुसतं ‘मेटल स्लग’ खेळायचं असेल तर हीच वाट घ्या, दुरुस्तीच्या फंदात पडू नका.

बॅटरी कापण्याच्या सल्ल्याला एक अपवाद. आपल्याकडच्या पार्लरांत ‘मुस्तफा’ म्हणून गाजलेला कॅपकॉमचा गेम आणि त्याच कंपनीचे 1993 पासूनचे सीपीएस-2 बोर्ड यांची बॅटरी उगाच कापू नका. तिच्यावर डिक्रिप्शनची किल्ली (गेमचा सांकेतिक प्रोग्रॅम उलगडणारा आकडा) जपलेली असते. सीपीएस-2 ची किल्ली परत भरण्याची पद्धत 2016 मध्ये जाहीर झाली, पण ते पहिल्या दुरुस्तीचं काम नव्हे.

एमव्हीएसला ती अडचण नाही. बॅटरीशिवाय तो चालतो, फक्त हाय स्कोअर आणि सेटिंग पुसलं जातं. सीआर2032 लावायचीच असेल तर मधे डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) टाका, नाहीतर बोर्ड तिला चार्ज करत बसेल. दुरुस्ती पुढच्या वर्षी करणार असाल तरी एमव्हीएसची जुनी बॅटरी आजच कापा.