सॅम्पल अस्सल, लॉट नकली: 900 व्होल्टच्या मॉस्फेटमध्ये मी कसा फसलो

जरा लांब होईल, पण पॉवर सप्लाय बनवणाऱ्यांनी पूर्ण वाचा प्लीज.

मी भोसरीत हाय व्होल्टेजचे स्विचिंग सप्लाय बनवतो. हॉटेलच्या किचनमधला तेलकट धूर पकडायला इलेक्ट्रोस्टॅटिक फिल्टर बसवतात ना, त्यांच्यासाठी 12 केव्हीचे. फ्लायबॅक सर्किट, यूसी3844 ही कंट्रोल आयसी, फेराइट कोअरचा ट्रान्सफॉर्मर आणि पुढे व्होल्टेज वाढवणारा डायोड-कपॅसिटरचा तीन टप्प्यांचा मल्टिप्लायर, बारा वर्षं हेच काम. पार्ट लागले की पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या ठरलेल्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्यायचे ही सवय. दिवाळीआधी 40 नगांची ऑर्डर आली आणि नेमके 900 व्होल्टचे मॉस्फेट (सप्लायमधला वेगाने चालू-बंद होणारा स्विच, बंद असताना 900 व्होल्टपर्यंत सहन करणारा) कुठेच मिळेनात, तारीख जवळ आलेली, आणि तेवढ्यात एका ओळखीच्यांनी नंबर दिला. समोरचा माणूस बोलायला एकदम गोड. "साहेब, एका कंपनीचा सरप्लस माल आहे, 500 पीस सीलबंद, आधी दहा पीस लावून बघा, पटलं तरच पैसे द्या." बाजारात 90 च्या आसपास असलेला पीस 42 ला.

दहा पीस मी नीट तपासले, लोडवर दिवसभर चालवले, हीटसिंकला हात लावून बघितला, सगळं व्यवस्थित. मग 21,000 रुपये यूपीआयने पाठवले. बिल "पुढच्या आठवड्यात पाठवतो" म्हणाला आणि मी हो म्हटलं.

40 नग गेले. तीन आठवड्यांत 11 परत. सगळ्यांचं एकच, फ्यूजची काच आतून काळी, मॉस्फेट फुटलेला, त्याच्या सोर्स या पायावरचा रेझिस्टर जळालेला, सोबत आयसीही गेलेला. आणि जवळपास प्रत्येक हॉटेलवाल्याने सांगितलं की रात्री उशिराच बंद पडला. मला वाटलं चूक माझीच. ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळले, आमच्या वाइंडिंगच्या ताईंना उगाच बोललो (त्याचं अजून वाईट वाटतं), स्नबरच्या (व्होल्टेजचे झटके शोषणाऱ्या भागाच्या) व्हॅल्यू बदलल्या, चार रात्री झोप नाही.

उलगडा झाला तो थिनरने. एका पीसवर कापूस घासला तर नंबर कापसावर आला, आणि खाली लेझरने कोरलेला दुसराच नंबर पुसट दिसायला लागला. भिंग घेऊन बसलो तर काही पायांवर नवीन कथील चढवलेलं, म्हणजे जुन्या बोर्डवरून काढलेला माल, आणि एकाच ट्यूबमधल्या पीसचे पाठीमागचे धातूचे पत्रे कमी-जास्त जाड. मग एक अस्सल आणि एक नकली पक्कडने फोडला. अस्सलमधली चिप चण्याच्या डाळीएवढी, नकलीतली तिळापेक्षा थोडी मोठी.

रात्रीच का जायचे तेही मग कळलं. लाइनचे 230 रेक्टिफाय (एसीचे डीसी) झाले की 325 व्होल्ट, मॉस्फेट बंद होताना त्यात ट्रान्सफॉर्मरकडून उलटे येणारे माझ्या डिझाइनमध्ये साधारण 130, वर ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्समुळे येणारा क्षणिक झटका (स्पाइक) 150 धरा, झाले 605. रात्री आजूबाजूचा लोड कमी झाला की लाइन 255 पर्यंत चढते, तिथे 325 चे 360 होतात, एकूण 640. खऱ्या 900 वाल्याला याचं काहीच नाही, पण हे बहुतेक 600 चेच होते, ते माझ्या बेंचवर जेमतेम तग धरून होते आणि रात्री हॉटेलात मरत होते.

आता मी प्रत्येक लॉटमधून पाच-सहा पीस, तेही वेगवेगळ्या ट्यूबमधून, असे तपासतो. मॉस्फेटच्या तीन पायांपैकी गेट सोर्सला शॉर्ट करायचं म्हणजे तो बंद राहतो, तिसऱ्या पायाला, ड्रेनला, 220 किलोओहमचे पाच रेझिस्टर सिरीजमध्ये लावायचे (एकच 1 मेगओहमचा लावू नका, साधा पाव वॅटचा रेझिस्टर स्वतःच 250 व्होल्टच्या आसपासचा असतो), आणि बेंचवरच्या ॲडजस्टेबल सप्लायने व्होल्टेज हळूहळू वाढवत ड्रेनवरचं मीटर बघायचं. माझे नकली पीस 620 ते 660 मध्येच अडकले, म्हणजे त्यापुढचं व्होल्टेज सहन करेनात. उरलेले अस्सल सॅम्पल 950 च्या वर गेले. काम करताना एक हात खिशात, आणि बंद केल्यावर डिस्चार्ज केल्याशिवाय बोट लावायचं नाही.

त्या माणसाला फोन केला तर आधी म्हणाला "तुमच्या डिझाइनमध्ये प्रॉब्लेम असेल साहेब", दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. दिलेल्या पत्त्यावर गेलो तर शटर, शेजारच्या टपरीवाल्याला नावही माहीत नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली पण तोपर्यंत पाच आठवडे उलटलेले, आणि हातात बिल नाही, फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट. 40 च्या 40 नगांमधले मॉस्फेट मी स्वखर्चाने बदलून दिले, हॉटेल बंद झाल्यावर रात्री जाऊन. उरलेले सगळे पीस व्हाइसमध्ये चिरडले, चुकून कोणाच्या हाती लागायला नकोत.

परवा चाकणच्या एका ओळखीच्यांचा फोन आला. नवीन नंबर आहे पण बोलणं तेच, सरप्लस, सीलबंद, 500 पीस, यावेळी भाव 40. दहा सॅम्पल त्यांच्या टेबलावर पडलेत आणि ते म्हणतात, एकदम मस्त चालतायत.