बोकाशी बिन सव्वा वर्ष वापरून: माती असेल तरच घ्या

गेल्या वर्षी फेब्रुवारीत घेतला हा बोकाशीचा, म्हणजे स्वयंपाकघरातला ओला कचरा हवाबंद डब्यात आंबवायचा सेट. दोन डबे, किलोभर कोंडा आणि कचरा दाबायला एक प्लास्टिकचं पॅडल, सगळं मिळून अडीच हजाराच्या आसपास पडलं, आणि तेव्हापासून सोसायटीतल्या निदान सहा-सात जणींनी विचारलंय की कसा आहे, वास येतो का, घेऊ का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. आम्ही पुण्यात, सिंहगड रोडला, दुसरा मजला, घरात चार माणसं, आणि एक गॅलरी जिथे सकाळी दोन-अडीच तास ऊन येतं.

सगळ्यात आधी, जे मला घेताना कुणीच धड सांगितलं नाही ते सांगते. या डब्यात खत तयार होत नाही. होतच नाही. जाहिरातीत लिहिलेलं असतं १५ दिवसात कंपोस्ट वगैरे, पण १५ दिवसांनी डबा उघडला की आतला दुधीचा तुकडा दुधीसारखाच दिसतो, पोळीचा तुकडा पोळीसारखा, फक्त सगळं मऊ पडलेलं आणि आंबलेलं असतं. कचरा मुरतो, लोणचं मुरतं तसा. त्याचं खत होतं ते पुढे मातीत गेल्यावर. त्यामुळे ज्यांच्याकडे चार मोठ्या कुंड्या नाहीत, अंगण नाही, सोसायटीची बाग नाही, त्यांनी कृपया हे घेऊ नका, पंधरा दिवसांनी दहा-बारा किलो आंबलेला कचरा हातात घेऊन कुठे जायचं हा प्रश्न पडेल.

आता हे चालतं कसं ते. सोबत जो कोंडा येतो ना, गव्हाचा किंवा भाताचा, ते म्हणजे विरजण आहे असं समजा. दह्यात असतात त्याच जातकुळीतले लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया, शिवाय यीस्ट आणि अजून काही सूक्ष्मजीव त्या कोंड्यावर वाढवून वाळवलेले असतात. जपानमधे ओकिनावाच्या रयुक्यू विद्यापीठातल्या तेरुओ हिगा नावाच्या प्राध्यापकांनी १९८० च्या सुमारास हे मिश्रण पुढे आणलं, त्याला ईएम म्हणतात, पण कोंडा आंबवून मातीत घालायची पद्धत तिकडच्या शेतकऱ्यांची त्याहून जुनी. डबा हवाबंद असतो, आत हवा नसली की कुजवणारे जंतू मागे पडतात आणि हे विरजणवाले वाढतात, सगळं आंबट होतं आणि सडत नाही. सासूबाईंना सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं, खरकटं पंधरा दिवस घरात ठेवायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं, पण मी समजावून सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, "म्हणजे बरणीला हवा लागली की लोणचं नासतं, तसंच ना हे?" अगदी तसंच. इंटरनेटवर इतकं वाचूनही मला एवढ्या सोप्या शब्दात सांगता आलं नव्हतं.

रोजचं काम म्हणाल तर पाच मिनिटांचं. मी दिवसभराचा ओला कचरा ओट्यावर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात साठवते आणि रात्री एकदाच बिनमधे टाकते, सारखं सारखं झाकण उघडायचं नाही हे महत्त्वाचं. मोठे तुकडे कापून, त्यावर मूठभर कोंडा पसरून, वरून दाबायचं म्हणजे मधली हवा निघते, आणि झाकण चारही बाजूंनी कट्ट आवाज येईपर्यंत बसवायचं. मी वर एक जाड प्लास्टिकची पिशवी पसरून ठेवते, तेवढीच हवा अजून कमी. आमचा डबा १५-१६ दिवसात भरतो, आंब्याच्या दिवसात दहाच दिवसात भरला होता. भरलेला डबा तसाच बंद करून दोन आठवडे ठेवायचा आणि तोवर दुसरा वापरायचा, म्हणून दोन डबे लागतातच, एकच घेऊन भागत नाही.

काय चालतं तर जवळपास सगळं, आणि यासाठीच मी हा घेतला. आधी माझ्याकडे मातीचा तीन मजली कंपोस्टर होता, त्यात भाजीची देठं, सालं छान व्हायची पण उरलेला भात किंवा भाजी पडली की अळ्या, आणि पावसाळ्यात तर गॅलरीत पाय ठेववत नव्हता. बोकाशीत शिळा भात, पोळ्यांचे तुकडे, चहाचा चोथा, शेवग्याच्या शेंगांचा चघळून टाकलेला चोथा, बांगड्याचे काटे, चिकनची छोटी हाडं, सगळं जातं. आमटी, कढी, ताक असलं पातळ मात्र ओतायचं नाही, गाळून फक्त चोथा टाकायचा. नारळाची करवंटी आणि शेंड्या नकोत. आंब्याच्या कोयी टाकल्या तर त्या जशाच्या तशा बाहेर येतात, नुसती जागा अडवतात, मी आता त्या वेगळ्या वाळवते.

वासाबद्दल सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं. झाकण बंद असताना काहीही येत नाही, डबा आमच्या सिंकखाली आहे आणि पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. उघडल्यावर येतो, नाही असं म्हणणार नाही, पण तो सडका नसतो, इडलीचं पीठ मे महिन्यात बाहेर राहून जास्त आंबलं की जसा येतो तसा आणि त्याला थोडी व्हिनेगरची झाक. पहिल्यांदा दोन आठवड्यांनी उघडला तेव्हा वर सगळीकडे कापूस पिंजून पसरल्यासारखी पांढरी बुरशी होती, मी घाबरले, मग कळलं की पांढरी असेल तर काम उत्तम झालंय. हिरवी, काळी दिसली किंवा गटारासारखा वास आला तर बिघडलंय.

आणि आमचा बिघडला ना एकदा. हा माझा मुख्य तक्रारीचा मुद्दा. डब्याच्या तळाशी जाळी असते, तिच्याखाली कचऱ्याचं सुटलेलं पाणी साठतं, ते दर दोन-तीन दिवसांनी नळ उघडून काढायचं असतं. आमच्या एका डब्याचा नळ पहिल्या आठवड्यापासून गळत होता, सिंकखाली चिकट पिवळसर थेंब, ज्या कंपनीकडून घेतला त्यांना फोटो पाठवले तर आठ दिवसांनी उत्तर आलं की नळ घट्ट करून बघा, आणि मग नळाऐवजी कोंड्याचं एक फ्री पाकीट पाठवलं. मला कोंडा नको होता, वॉशर हवा होता. शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून १० रुपयांचा रबरी वॉशर आणला, टेफ्लॉन टेप गुंडाळली, तेव्हापासून एक थेंब नाही. दुसऱ्या डब्याचं उलटं झालं. जाळीची भोकं मोठी आहेत, त्यातून भाताची शितं खाली जाऊन नळाच्या तोंडाशी बसली, पाणी यायचं बंद झालं आणि मला वाटलं यावेळी पाणी सुटलंच नाही. जुलै महिना होता. उघडला तेव्हा खालचा सगळा थर काळा पडलेला आणि घरभर असा वास की दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या. तो सगळा कचरा माळीकाकांनी सोसायटीच्या मागे खोल खड्डा करून पुरला, त्यांचे उपकार. आता मी जाळीवर नारळाच्या शेंड्यांचा पातळ थर देते (फक्त गाळणी म्हणून), आणि डबा रिकामा झाला की नळ सोडून जुन्या टूथब्रशने घासते. विकत घेताना जाळी बारीक भोकांची आहे का आणि नळ सुटा करून धुता येतो का, एवढं तरी बघाच.

ते जे पाणी निघतं ते फार जहाल असतं, झाडांना तसंच घालू नका. १०० पट पाणी घालून, म्हणजे दीड लिटरच्या मगात एक मोठा चमचा, इतकं पातळ करून मी आठवड्यातून एकदा घालते. उरलेलं बाथरूमच्या जाळीत ओतते, तिथला कुबट वास कमी झालाय असं आमच्या घरात सगळ्यांचंच मत आहे.

आता मातीचा भाग, आणि खरी मजा इथेच आहे. मी भाजीवाल्याकडून मोठा प्लास्टिकचा क्रेट घेतला, आत जुनी गोणी अंथरली. कुंड्यांमधली जुनी, जीव गेलेली माती दोन घमेली आणि मुरलेला कचरा एक घमेलं, हाताने कालवून, वर चार बोटं नुसत्या मातीचा थर आणि त्यावर गोणपाट. पहिले तीन-चार दिवस थोडा आंबूस वास येतो, मग जातो. उन्हाळ्यात तीन आठवड्यात आणि थंडीत पाच-सहा आठवड्यात सगळं गायब होतं, उकरून बघितलं तर अंड्याची टरफलं आणि एखादं हाड सोडून काही ओळखू येत नाही, माती काळी, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाचा येतो तसा वास. घाई मात्र करू नका. मी पहिल्या वेळी आठ दिवसातच त्यात मिरचीची रोपं लावली, चारही रोपांची पानं पिवळी पडून गळाली, कारण कचरा अजून आंबट होता आणि मुळं भाजली. आता महिनाभर थांबते. यावर्षी त्याच मातीत लावलेली मिरची मार्चपासून देतेय, आणि कुंडीत गांडुळं आली आहेत, दुसऱ्या मजल्यावर, कुणीही आणून न सोडता, बहुतेक जुन्या मातीतूनच आली असणार.

खर्चाचं म्हणाल तर डबे एकदाच घ्यायचे, पण कोंडा सतत लागतो, आम्हाला किलोभर महिना-सव्वा महिना पुरतो आणि विकतचा दीडशे-दोनशेला पडतो. मी तो आता घरीच करते. गिरणीतून गव्हाचा कोंडा आणायचा, एक किलोला साधारण ३००-४०० मिली कोमट पाणी, त्यात एक मोठा चमचा ईएमचं द्रावण आणि एक मोठा चमचा काकवी, हो, आपली कोल्हापूरची काकवी, पोळीबरोबर खातो तीच. मिश्रणाचा मुठीत लाडू वळला पाहिजे पण पाणी सुटता कामा नये. मग पिशवीत दाबून, हवा काढून, दोन आठवडे अंधारात ठेवायचं आणि नंतर सावलीत वाळवायचं. किलोला साठ-सत्तर रुपयांत काम होतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, आमचा एकदा सादळून गुठळ्या झाल्या होत्या.

एवढा खटाटोप का करायचा, असं बहिणीने विचारलं होतं. आमच्याकडे कचरा न्यायला ज्या मावशी येतात त्या आधी रोज दारात बसून आमच्या ओल्या कचऱ्यातून दुधाच्या पिशव्या हाताने वेगळ्या काढायच्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका घरीच वेगळा करणं बंधनकारक झालं, तरी अर्ध्या बिल्डिंगचा एकत्रच असतो. आणि आपल्या शहराचा कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी किती वर्षं सोसला, विहिरींचं पाणी गेलं, त्यासाठी त्यांना रस्त्यावर बसावं लागलं, हे पुण्यात राहणाऱ्या माणसाने विसरू नये असं मला मनापासून वाटतं. आता आमच्या घरातून मावशींकडे फक्त सुका कचरा जातो, कोरडा आणि धुतलेला. मागच्या महिन्यात त्या म्हणाल्या, "ताई, तुमची पिशवी उघडायला बरं वाटतं बघा."

तर घ्या, पण आधी मातीची सोय करा, आणि नळाचा वॉशर घरात एक जास्तीचा ठेवा. सोसायटीतल्या ज्यांना वास स्वतः बघून ठरवायचंय त्यांनी रविवारी सकाळी दहाला या, दुसरा डबा उघडायचाच आहे, आणि येताना कुणाकडे जुनी माती पडून असेल तर घेऊन या, मला कमी पडतेय.