वाफेचं इंजिन : उभं ठेवायचं की चालवायचं?

नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वे संग्रहालयात वाफेची इंजिनं उभी आहेत. शेगडीत निखारा नाही, बॉयलरमध्ये पाणी नाही. असं जपणं स्वस्त: छप्पर, रंग, तेल आणि पावसाळ्यात गंजावर नजर. पोरं थेट चाकांशी जाऊन उभी राहतात, हे सुख वेगळंच.

चालतं इंजिन मात्र खर्चिक प्रकरण. थंड बॉयलर घाईनं तापवला तर पत्रा आणि नळ्या असमान ताणतात, म्हणून आग कित्येक तास आधी पेटवायची. पाणी जड असेल तर नळ्यांवर क्षार चढतो, कोळसा जास्त लागतो, धातू जळतो. बॉयलरची तपासणी वेळोवेळी हवीच. सगळ्यात दुर्मीळ म्हणजे माणूस: बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि दाबाचा काटा बघत फावड्यानं नेमका कोळसा टाकणारा फायरमन. ती कला चालवल्याशिवाय टिकत नाही. १८५५ चं ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा धावलं. दार्जिलिंगला तर आजही वाफ निघते.

माझं मत? सुटे भाग मिळत असतील तर एखादं चालवावं, बाकीची उभीच बरी. नागपूर–छिंदवाड्याची नॅरोगेज तर २०१५ मध्येच बंद झाली, त्यामुळे इथे आधी रुळांचाच प्रश्न.